चाक पडलं, हे सांगितलं कोणी?

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते, पण नागपुरात मे महिन्यातले साडेदहा म्हणजे दुपारच. छत्रपती चौकाच्या सिग्नलला पुलाच्या सावलीत मावतील तेवढ्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, उरलेल्या उन्हात. माझ्या पुढे, जरा डावीकडे, एक मुलगी स्कूटरवर होती. डोक्याला-तोंडाला पांढरा स्कार्फ गच्च गुंडाळलेला, त्यावर गॉगल, कोपराच्या वर जाणारे सुती हातमोजे. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच मुली अशा दिसतात, सख्खी आई ओळखणार नाही. आणि तिच्या गाडीचा साइड स्टँड खाली होता. अर्धवट वगैरे नाही, पुरता खाली. टोक रस्त्यापासून चार बोटांवर, घासून घासून चांदीसारखं चकचकीत झालेलं. मी "ओ ताई, स्टँड!" म्हणून हाक मारली. माझ्या तोंडावरही स्कार्फ होताच, ती हाक तिथंच विरली. मग हॉर्न दिला. तिनं मान वळवली नाही, फक्त उजवा हात किंचित वर केला, 'दिसतंय सिग्नल लाल आहे' असा. मी पुन्हा हॉर्न दिला. आता तिनं वळून पाहिलं. गॉगलमागचे डोळे दिसले नाहीत, पण मानेचा झटका दिसला. घाईवाल्या बाईला द्यायचा झटका. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि ती नरेंद्र नगरच्या बाजूला डावीकडे वळून गेली.

डावीकडे. स्टँड डावीकडेच असतो. गाडी डावीकडे झुकली की तो आधी रस्त्याला लागतो.

मला सरळ जायचं होतं, मी सरळ गेले. मागून शंभर हॉर्न वाजत होते. वाटलं, वळावं का तिच्यामागे? पण ऑफिसला उशीर झाला होता आणि अशा गोष्टींसाठी कोणी वळतं का? संध्याकाळपर्यंत विसरलेही. रात्री भांडी आवरताना एकदम आठवलं आणि मग झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पेपरातलं शहराचं पान दोनदा वाचलं. काही नव्हतं. म्हणजे बहुतेक काही झालं नसावं. किंवा पेपरात येण्याइतकं झालं नसावं.

आपल्याकडे कोणी कोणाला वाट देत नाही, रांगेत उभं राहू देत नाही, पण स्टँड खाली दिसला की मात्र अख्खा रस्ता एकदम नातेवाईक होतो. रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडतो, दूधवाला बोटानं खाली दाखवतो, बसच्या खिडकीतून एखादी आजी "अवं बाई, ठेपणं काढ न तुझं" म्हणते. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये स्टँड खाली असला तर इंजिन चालूच होत नाही, ती गंमत हळूहळू जाईल. बाबांच्या राजदूतला असलं काही नव्हतं. मी चौथी-पाचवीत असेन. अजनीच्या वळणावर त्यांचा स्टँड रस्त्याला अडकला, मागचं चाक उचललं गेलं आणि बाबा डाव्या गुडघ्यावर पडले. पँट फाटली, आतलं सोलपटलं. त्या गुडघ्यावर अजून गुळगुळीत, गुलाबीसर डाग आहे, तिथं केस येत नाहीत. नंतर ते गाडी सुरू करण्यापूर्वी स्टँडला टाचेनं तीनदा मारायचे. टक्, टक्, टक्. सोसायटीतल्या सगळ्यांना तेवढ्यावरून कळायचं, पाटबंधारे खात्याचं ऑफिस आता उघडणार. स्टँड तर पहिल्या ठोक्यालाच वर गेलेला असायचा. बाकीचे दोन स्वतःसाठी.

त्या रात्री झोप लागत नव्हती तेव्हा स्टँडवरून बाबा आठवले आणि बाबांवरून ते विमान.

६ मे २०२१. तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे. बाबा दवाखान्यातून घरी येऊन चारच दिवस झाले होते. हॉलमध्ये दिवाणावर त्यांचा मुक्काम, शेजारी भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरघरतंय, नाकात नळी, बोटाला ऑक्सिमीटर. टीव्हीवर बातम्या लावायला मी मनाई केली होती, कारण त्या दिवसांत बातम्यांमध्ये एकच बातमी होती. पण त्या रात्री नऊ-साडेनऊला पट्टी फिरायला लागली: नागपूरहून उडालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचं चाक निखळलं, मुंबईत पोटावर लँडिंग. आमच्याच सोनेगावहून. बाबांनी रिमोट माझ्या हातातून जवळजवळ ओढलाच.

विमान छोटं होतं, दोन पंख्यांचं, सी-९० किंग एअर जातीचं. आत पाच जण, त्यात एक रुग्ण. नागपूरच्या धावपट्टीवरून उडताना एक चाक सुटून खालीच राहिलं. विमान वर, चाक जमिनीवर. मुंबईत धावपट्टीवर फेसाचा थर पसरून ठेवला होता आणि कॅप्टन केसरी सिंग यांनी चाकं न वापरता विमान पोटावर उतरवलं. आग नाही, कोणाला इजा नाही. फोटोत ते असं दिसत होतं जणू थकून जमिनीवर बसलं आहे. त्या दिवसांत चांगली बातमी म्हणजे काय असते ते आम्ही विसरलो होतो. मी चक्क रडले. बाबा रडले वगैरे नाहीत. नळी जरा नीट केली आणि म्हणाले,

"ते ठीक आहे. पण चाक पडलं, हे त्याला सांगितलं कोणी?"

मला तो प्रश्न तेव्हा बाबांच्या नेहमीच्या खोडीतला वाटला. रिटायर्ड माणसाला प्रत्येक बातमीत एक फाइल दिसते. पण उत्तर पुढे बातम्यांमध्ये आलं. नागपूर विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाला ते चाक पडताना दिसलं आणि त्यानं ते लगेच वर कळवलं. बस, एवढंच. पहाऱ्यावरच्या माणसाचं काम कुंपणाकडे, गेटाकडे लक्ष ठेवायचं. विमानं तर तो दिवसभर बघतच असतो, आपण रस्त्यावरच्या बसेस बघतो तशी. तरी त्या क्षणी त्याची नजर तिथं होती आणि दिसलेलं त्यानं स्वतःपाशी ठेवलं नाही. 'आपल्याला भास झाला असेल' असं म्हणून तो गप्प बसला असता तर? मी त्याच्या जागी असते तर आधी आजूबाजूच्या चौघांना विचारलं असतं, तुम्हाला काही दिसलं का.

माझा भाचा तेव्हा फ्लोरिडात पायलटचं लायसन्स घेत होता. आजोबांची चौकशी करायला रोज फोन करायचा आणि आजोबा तब्येतीचं एका वाक्यात संपवून विमानाचं विचारायचे. त्यातलं बरंच मला फुकटात ऐकायला मिळालं. आत बसलेल्याला स्वतःची चाकं दिसत नाहीत, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला खरंच नवल वाटलं. पंख खाली असलेल्या छोट्या विमानात चाकं बरोबर बुडाखाली, पायलटच्या नजरेआड. त्याच्यासमोर असतात ते फक्त तीन हिरवे दिवे, प्रत्येक चाकाचा एक. चाक बाहेर येऊन आपल्या खाचेत पक्कं बसलं की दिवा लागतो. तीन हिरवे म्हणजे उतरायला मोकळे. दोनच लागले तर? "तर आत्या, सगळ्यात आधी बल्ब बघायचा," भाचा म्हणाला. चाक बिघडलंय की चाकाची बातमी देणारा दिवा, हे आधी ठरवायचं. तो शिकत होता त्या पायपर अॅरोमध्ये तर आणखी मजा. बाहेरचे नॅव्हिगेशन लाइट चालू असले की हे तीन दिवे आपोआप मंद होतात, रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. तेच बटण चुकून दिवसा चालू राहिलं तर उन्हात दिवे विझल्यासारखे दिसतात, आणि चाकं बिचारी खाली व्यवस्थित असतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारी बसलेल्या मास्तरांनी काही न बोलता ते एक बटण बंद केलं.

मी फोनवर हसले आणि हसता हसता थांबले. कारण बल्ब बदलून बघण्याचा प्रकार आम्ही घरी केला होता. एप्रिलमधल्या त्या रात्री बाबांच्या बोटावरचा आकडा ब्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला आणि बाबा उशीला टेकून, पाय हलवत, मजेत म्हणत होते, "मला काही होत नाहीये. मशीन खराब आहे तुमचं." दम नाही, घाम नाही, चेहरा तसाच. आम्हीही मशीनवरच शंका घेतली. बोट बदललं. मधलं, मग अंगठा, मग दुसरा हात. हात गार असेल म्हणून चोळून गरम केला. सेल काढून परत घातले. शेजारच्या काकूंच्या दारात ऑक्सिमीटर ठेवायला सांगितलं, तो सॅनिटायझरनं पुसून लावला. त्यातही अठ्ठ्याऐंशी. या सगळ्यात पाऊण तास गेला. ऑक्सिजन घसरत असतो आणि माणसाला आतून ठणठणीत वाटत असतं, हे त्या आजाराचं सगळ्यात फसवं अंग होतं. चाक केव्हाच निखळलेलं, वैमानिकाला पत्ता नाही. पुढे बेड मिळाला, चौदा दिवसांनी ते घरी आले, म्हणून हे आता असं लिहिता येतंय. पण तो पाऊण तास माझ्या हिशेबात अजून जमा होत नाही.

दिव्यात गुंतणं किती महाग पडू शकतं त्याचं एक उदाहरण भाच्याच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच सांगतात. १९७२च्या डिसेंबरात मायामीला उतरणाऱ्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या एका मोठ्या जेट विमानाचा पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. कॉकपिटमधले सगळे त्या बल्बमागे लागले. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट मध्येच सुटला ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि विमान हळूहळू, अगदी मवाळपणे, खालच्या दलदलीत उतरत गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली. चाक खालीच होतं. गेला होता तो बल्ब. म्हणून नियम असा की आधी विमान उडवायचं, कोणी तरी एकानं फक्त तेवढंच करायचं, मग बाकी सगळं.

बल्ब ठीक असेल आणि चाक खरंच आलं नसेल, तर हातानं आणायची सोय बहुतेक विमानांत असते. अॅरोमध्ये एक खटका दाबला की दाब सुटतो आणि चाकं स्वतःच्या वजनानं खाली पडतात. बोनान्झा नावाच्या विमानात पुढच्या सीटांच्या मागे एक हँडल असतं, ते सुमारे पन्नास वेळा फिरवायचं. मला ते चित्र फार आवडलं. आकाशात तरंगणारा माणूस, एक हात मागे पिळवटून, विहिरीवरचा रहाट ओढावा तसं हँडल फिरवतोय आणि तोंडानं मोजतोय, सत्तावीस, अठ्ठावीस. त्यानंही जमलं नाही तर टॉवरवाल्यांना विनंती करायची आणि विमानतळावरून खालून एक चक्कर मारायची. टॉवरमधली माणसं दुर्बीण लावून पोटाकडे पाहतात. मग रेडिओवर सांगतात, 'चाकं खाली दिसताहेत.' 'खाली आहेत' असं म्हणत नाहीत. खाचेत पक्कं बसलंय की नुसतं लोंबतंय, हे दुर्बिणीतून कळत नाही आणि जे कळत नाही ते त्यांनी म्हणायचं नाही. 'आहे' आणि 'दिसतंय' यातलं अंतर इतकं नेटानं पाळणारं ऑफिस मी दुसरं ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र या बिघाडात दिलासा देणारी. घाई नसते. इंजिन बंद पडलं तर मिनिटं मोजायची. चाक अडकलं तर टाकीत इंधन आहे तोवर विचार करायला वेळ आहे. उलट इंधन जाळायचंच असतं, विमान हलकं व्हावं, सावकाश उतरावं, खाली घासताना पेटायला कमी उरावं म्हणून. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला १३ मे २०२४ रोजी एका किंग एअरचं असंच झालं. सकाळी उडालेलं विमान, चाकांचा घोळ कळल्यावर जवळजवळ तीन तास तिथल्या तिथे घिरट्या घालत राहिलं, पायलट आणि दोन प्रवासी. दुपारी बाराच्या पुढे ते पोटावर उतरलं. त्याचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल. चाकांशिवाय विमान जमिनीजवळ येतं तेव्हा डोळा आधी मान्यच करत नाही, पाय नसलेला बगळा उतरतोय असं काहीतरी वाटतं. मग टेकतं, घासत जातं, सरळ रेषेत, आणि थांबतं. तिघेही आपल्या पायांनी चालत बाहेर आले. मला व्हिडिओपेक्षा त्याआधीचे तीन तास जास्त छळतात. त्या दोन प्रवाशांनी एकमेकांशी काय बोलणं केलं असेल? पहिला अर्धा तास भीतीत जातो, समजू शकते. पण दुसऱ्या तासाला माणसाला भूक लागते. लघवीला लागते. खिडकीतून तेच गाव, तोच समुद्रकिनारा सहाव्यांदा दिसतो. मरणाच्या भीतीला कंटाळा येऊ शकतो, हे मला दवाखान्याच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं होतं.

पोटावर उतरायचं कसं, हेही बाबांनी भाच्याकडून पायरी-पायरीनं काढून घेतलं, जणू उद्या त्यांनाच उतरवायचंय. लांब आणि डांबरी धावपट्टी निवडायची. मऊ गवत बरं असेल असं आपल्याला वाटतं, पण मातीत पोट रुततं, डांबरावरून घसरत जातं. तीनपैकी एकच चाक नसेल तर जमल्यास उरलेलीही आत घ्यायची, नाहीतर टेकल्यावर विमान एका अंगावर कलंडून गरकन फिरतं. सुट्या वस्तू बांधायच्या, खिशातलं पेन काढायचं, चष्मा काढायचा, पट्टे आवळायचे. टेकण्याआधी दार थोडं उघडून ठेवायचं, कारण सांगाडा मुरगळला तर दार अडकतं आणि मग सुखरूप उतरूनही आत कोंडलेले. धावपट्टी हातात आल्यावरच इंधन तोडायचं, वीज बंद करायची. आणि नेहमीसारखंच उतरायचं, जमेल तितकं सावकाश, पण हवेतच दम तुटेल इतकं सावकाश नाही. पंखा वाकणार, इंजिनाला झटका बसणार, पत्रा फाटणार. त्याचा विचार करायचा नाही. पंखा वाचवायला म्हणून कोणी वरच इंजिन बंद करतं आणि धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला लागतं. "मास्तर म्हणतात, चाक अडकलं त्या मिनिटापासून विमान विमा कंपनीचं," भाचा म्हणाला. "आपली फक्त माणसं." बाबांनी हे ऐकून मान हलवली आणि ऑक्सिजनची नळी दोन बोटांनी धरून बसले.

पण चाकं न काढता उतरणाऱ्या छोट्या विमानांपैकी बहुतेकांची चाकं बिघडलेलीच नसतात. पायलट ती काढायला विसरलेला असतो. त्यासाठी भोंगा असतो, थ्रॉटल कमी केलं आणि चाकं आत असली की कॉकपिटमध्ये कर्कश वाजतो. वैमानिकांमध्ये एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतो, खरा किती ते देव जाणे: टॉवर जीव तोडून सांगत होता, चाकं काढ, चाकं काढ, आणि पायलट नंतर म्हणाला, "काही ऐकूच आलं नाही हो, कॉकपिटमध्ये कसला तरी भोंगा वाजत होता." यावर सगळे हसतात. मीही हसले होते. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मात्र छत्रपती चौक आठवला. आपल्या रस्त्यावर हॉर्न म्हणजे 'सरक', 'चल', 'आंधळा आहेस का', 'मी आलो', 'सिग्नल सुटायला पाच सेकंद उरलीत'. एवढ्या अर्थांतून 'तुझा स्टँड खाली आहे' हा अर्थ त्या स्कार्फमधल्या कानानं कसा वेगळा काढायचा? मी तिला सांगितलं असं मला वाटत होतं. मी फक्त वाजवलं होतं. गाडीवरून उतरून चार पावलं चालत गेले असते तर बोटानं दाखवता आलं असतं. सिग्नलला बावीस सेकंद होती, मी आकडा पाहिला होता.

बाबांना हे सगळं सांगितलं. आता ते ऐंशीला टेकलेत, मशीन कधीच परत गेलं, पण जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि थांबलेलं कोणी पाहिलं की भिंतीवरचं काहीतरी बघितल्यासारखं करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्टँड कोणत्या बाजूला वाकडा होता? पुढे की बाहेर?" मला सांगता आलं नाही. "पुढे घासून चकचकीत झाला असेल तर तिला सवय आहे," ते म्हणाले. "लागला की मागे जातो आपोआप." हे खरं होतं की माझ्या समाधानासाठी, कळलं नाही. राजदूतचा तसा मागे का गेला नाही, हे मी विचारलं नाही.

काल संध्याकाळी त्याच चौकात उभी होते. मागून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी आधी खाली पाहिलं, डाव्या पायाशी. स्टँड वर होता. मग ओढणी पाहिली, डिक्की पाहिली, आरशात पाहिलं. मागचा माणूस वैतागून हातवारे करत होता.

सिग्नल हिरवा झाला होता.